१९७१ ची एमजीबी रोडस्टर: आधी पत्रा की आधी सीटा?

स्विंडनकर
मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. इथे इंग्लंडात शेजारच्या गावातल्या एका आजोबांकडून एमजीबी रोडस्टर ही जुनी स्पोर्ट्स कार घेतली आहे. १९७१ ची, दोन माणसांची, कापडी टपाची. इंजिन (१७९८ सीसी) एका झटक्यात सुरू होतं, गिअर नीट पडतात, ब्रेक लागतात. इथे चांगली बातमी संपली.

सीटांची शिवण उसवलीय आणि आतल्या फोमचा भुगा गालिच्यावर सांडतोय. दारांच्या आतल्या हार्डबोर्डला पोक आलाय. टपाची मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडून पलीकडचं काही दिसत नाही. बाहेरून रंग लांबून छान, पण जवळ गेलं की दाराखालच्या पट्टीवर आणि पुढच्या मडगार्डच्या खालच्या मागच्या कोपऱ्यात फोड दिसतात. काही टाचणीच्या डोक्याएवढे, एक चांगला रुपयाएवढा.

घरात वाद असा: सौ. म्हणते आधी सीटा आणि टप, म्हणजे निदान उन्हाळ्यात फिरता तरी येईल. मला वाटतं आधी पत्रा. शिवाय बॉडीचा नवीन अख्खा सांगाडा विकत मिळतो म्हणे, तो घ्यावा की आहे तोच ठोकूनठाकून घ्यावा? आणि सीटांना चामडं की रेक्झिन? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी लिहा, ज्यांनी नाही केलं तेही लिहितीलच.

भोचक_भवानी
फोटो दिसत नाहीत.

स्विंडनकर
अल्बमची परवानगी बदलली. आता बघा.

भोचक_भवानी
दिसले. गाडी गोड आहे. गॅरेजात उंदीर आहेत का हो? सीटा बघून विचारतेय.

फियाटप्रेमी
एमजी म्हणजे ती हेक्टरवाली ना? मग शोरूमला नेऊन टाका की, वॉरंटी बघतील. (हलकेच घ्या.)

जुना_पाना
फियाटप्रेमी, हेक्टर आपल्या शेजारी हालोलला बनते. नाव तेच, घराणं वेगळं. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळ ऑक्सफर्डचे. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला जोडली जायची आणि पाच लाखांवर गाड्या निघाल्या. तशी दुर्मिळ नव्हेच. म्हणून तर सुटे भाग अजून सगळे मिळतात.

गंमत म्हणजे तिचा पत्रा दाबला जायचा तुमच्याच स्विंडनला. म्हणजे तुमची गाडी माहेरी आलीय.

मुद्द्याचं: आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती. एमजीबीला नाही. पत्रा हीच चासी. त्यामुळे "बॉडीचं काम नंतर करू, चालतेय तोवर चालवू" हे हिच्या बाबतीत चालत नाही.

ठोकपीट
पाना यांना +१. मी बर्मिंगहॅमजवळ पत्र्याच्याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर.

सीटा, टप, रंग सगळं नंतर. आधी सिल, म्हणजे दाराखालची पेटी. बंद गाडीत ताण थोडा छतावरही जातो. रोडस्टरला छतच नाही. पुढचा आणि मागचा अर्धा भाग एकमेकांना धरून ठेवायचं काम दोन सिल आणि दोन सीटांमधला बोगदा करतात. आणि हा सिल म्हणजे बाहेरून दिसते तेवढी पट्टी नव्हे. बाहेरचा पत्रा, मध्ये उभा पडदा, आतला पत्रा आणि तळाला एक कंगोरेदार पट्टी, जिला इकडे सगळे कॅसल रेल म्हणतात. चौघं मिळून पेटी होते. ती आतून सडत येते. तुला फोड दिसतोय याचा अर्थ आतला पडदा आधीच गेलाय.

मडगार्डच्या कोपऱ्यातल्या फोडाचं कारण वेगळं. पुढच्या चाकामागे आत एक आडवा येणारा पत्रा असतो, त्याला रबरी कड असते. ती कड वाळून तुटली की चाकाचा चिखल मागे उडून आत बसतो, वर्षानुवर्षं ओला राहतो. त्या पोकळीत हात घालून बघ, मूठभर माती निघेल.

तपासायचं कसं: दार लावून त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बघ. मग बाजूच्या जॅकिंग पॉइंटला जॅक लाव. पॉइंटच आत घुसायला लागला तर तिथेच थांब, उत्तर मिळालं. उचलली गेलीच तर त्याच अवस्थेत दार उघड आणि परत लाव. फट मिटली, दार घासलं, तर सिल मेलेले आहेत.

दुसरं, चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून सगळीकडे फिरव. सुटेल तिथे खाली पुट्टी. एक सावधगिरी: सुरुवातीच्या एमजीबींना बोनेट अ‍ॅल्युमिनियमचं होतं. एका गिऱ्हाइकाने "अख्ख्या बोनेटला पुट्टी फासलीय" म्हणून विकणाऱ्याशी भांडण उकरलं होतं. तुझं ७१ चं लोखंडी असायला हवं.

तिसरं, गालिचा उचलून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर ठोकत जा. टण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर टोकाने टोच. सीटच्या मागचं झाकणही उघड. तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि त्यांच्या पाळण्यांचा तळ बहुतेक वेळा हातात येतो.

एवढं कर आणि इथे येऊन सांग. तोवर सीटवाल्याला फोन करू नकोस.

स्विंडनकरीण
वरच्या धाग्यात उल्लेख आलेली सौ. ती मीच. मी "आधी सीटा" म्हटलं कारण गाडीत बसणार मी आहे आणि स्प्रिंगसारखं काहीतरी मलाच टोचतं. पेटी-बिटी मला माहीत नव्हतं. ठोकपीटदादा, तुमचं वाचून मी माझं मत तात्पुरतं मागे घेते. तात्पुरतं हा शब्द नीट वाचावा.

ठोकपीट
दंडवत वहिनी. टोचतंय ती स्प्रिंग नसणार, या गाडीच्या सीटला खाली रबराचा पडदा असतो. त्याचा हूक असेल.

भोचक_भवानी
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. नवराबायको एकाच धाग्यावर म्हणजे शंभरी नक्की.

उद्यमनगरी
कोल्हापुरातून रामराम. आमच्या घरी स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासची, चार दारांची. हेराल्डला चासी वेगळी, त्यामुळे बॉडी सुटी करून बाजूला ठेवता येते. उद्यमनगरात आमच्या मिस्त्रींनी अशीच उचलून खालून वरून सगळी घासली होती. नवीन पार्ट मिळायचा प्रश्नच नव्हता, जे हवं ते कागदाचा फर्मा कापून, पत्रा वाकवून, नाहीतर लेथवर. दाराचा तळ मिस्त्रींनी लाकडी ठोकळ्यावर मोगरीने असा वळवला की सांधा हाताला लागत नव्हता. आणि पुट्टीचा हात एवढासाच.

तुम्ही लोक तिकडे कॅटलॉगमधून नंबर टाकून सिल मागवता, हेवा वाटतो आणि थोडी कीवही येते.

ठोकपीट
उद्यमनगरी, तो ठोकळ्यावरचा हात आमच्याकडे आता सोन्याच्या भावाने मिळतो. कीव मान्य.

स्विंडनकर
सगळ्या तपासण्या केल्या. उजवी बाजू बरी निघाली. डावीकडे जॅक लावला, चाक जमिनीवरून सुटलं, दार उघडलं आणि परत लागेना. वरची मागची कड खांबावर घासते.

मग चुंबक. डाव्या सिलवर तो चिकटला, पण एका रेषेत मध्येच सुटायचा. त्या रेषेवरचा रंग खरवडला तर खाली वेल्डची ओबडधोबड रेघ. म्हणजे वरची पट्टी ही दुसरी पट्टी आहे! आधीच्या कुठल्या तरी गॅरेजने जुना सडका सिल काढलाच नाही, त्यावर नवीन पत्रा टोपीसारखा चढवून कडेकडेने वेल्ड मारला. खालच्या भोकातून टॉर्च मारला तर आत पिवळट काहीतरी फुगलेलं. खिडकीची चौकट बसवताना फटीत फुसकन मारतात ना, तो फोम. बोटाने दाबला तर पाणी आलं.

मडगार्डच्या आत मूठभर नव्हे, छोटी बादलीभर माती निघाली. त्यात एक गोगलगाय. जिवंत.

भोचक_भवानी
म्हणजे जुगाड फक्त आपल्याकडेच होतो हा समज चुकीचा. गोगलगाईचं नाव ठेवा.

फियाटप्रेमी
अ‍ॅबी.

अस्सलआग्रही
आता सरळ नवीन सांगाडा घ्यायचा सल्ला येईलच, त्याआधी माझं मत नोंदवतो. घेऊ नका. नवीन सांगाड्यात जुनं इंजिन टाकलं की ती १९७१ ची गाडी राहत नाही. ती नवीन गाडी, जुन्या नंबरप्लेटची. त्या पत्र्यावर कामगारांच्या हातचे जे बारीक फरक असतात, ते परत येत नाहीत. सिल बदला, फ्लोअर बदला, पण मूळ हाडं ठेवा.

जुना_पाना
आग्रही, सिल बदलला, फ्लोअर बदलला, मडगार्ड बदललं, मग मूळ हाडं कुठली उरली? आमच्या आजीच्या गोधडीत एकही मूळ चिंधी नव्हती, तरी ती आजीचीच गोधडी होती.

आणि नवीन सांगाडा काही परका नाही. ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळचेच साचे शोधून काढले आणि १९८८ पासून एमजीबीचे अख्खे सांगाडे बनवायला घेतले. आज ते विटनीला बनतात, अ‍ॅबिंग्डनपासून फार लांब नाही. उलट तुम्ही म्हणता ते तुकडे जोडजोडून केलेलं काम मापात सरळ येईलच याची खात्री कोण देणार?

अस्सलआग्रही
गोधडीचं उदाहरण भावनिक आहे, तांत्रिक नाही. असो. नोंदणी खात्याला विचारून मगच सांगाडा बदला आणि बिलं जपून ठेवा, एवढं तरी पटेल.

ठोकपीट
दोघंही थांबा. सांगाडा बदलायचा तर पूर्ण गाडी सुटी होते. वायरिंग, ब्रेकच्या नळ्या, काच, कुलपं, सगळं. एक बाजू चांगली असताना त्या वाटेला जायचं कारण नाही. फ्लोअर, बोगदा, पुढचे-मागचे रेल सगळंच गेलेलं असेल तर नवीन सांगाडा स्वस्त पडतो, कारण मजुरीचे तास वाचतात. स्विंडनकराच्या गाडीत डावा सिल, फ्लोअरची कड आणि मडगार्डचा कोपरा एवढंच दिसतंय. दुरुस्तच कर.

आता पद्धत. सीटा, गालिचे, दाराचे पुठ्ठे, नमदा सगळं बाहेर काढ, कारण वेल्डिंगच्या ठिणग्या नमद्यात शिरल्या तर तासाभराने धूर येतो, तू जेवायला बसलेला असतोस. पेट्रोलची टाकी उतरव. ती डिकीच्या फ्लोअरखाली चिकटून असते आणि तिच्या वरच्या बाजूला मळ साचून ती तिथूनच सडते, त्यामुळे उतरवल्यावर तीही बघून घे. बॅटऱ्या आणि अल्टरनेटर दोन्ही सोडव.

मग सगळ्यात महत्त्वाचं. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी पाइपचा आडवा टेकू बोल्टने किंवा टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारून पक्का कर. आधी गाडीला टेकू असे द्यायचे की दाराची फट बरोबर येईल, आणि मग आडवा पाइप. फट चुकलेल्या स्थितीत पाइप बसवला तर ती चूक कायमची वेल्ड होते. मी बघितलेल्या वाकड्या एमजीबींपैकी बहुतेक इथेच वाकड्या झाल्यात.

पुढचं मडगार्ड बोल्टवर असतं, ते काढ. मागचं वेल्ड केलेलं आहे आणि बाहेरच्या सिलचं मागचं टोक त्याच्या खाली जातं. म्हणून मागच्या मडगार्डचा खालचा तुकडा कापल्याशिवाय सिल पूर्ण बसत नाही. हाच कंटाळा करून तुझ्या आधीच्या गॅरेजने टोपी चढवली. आतला सडका भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत काप. नवीन तुकड्यांच्या जोडायच्या कडांना झिंकचा, वेल्ड चालणारा प्रायमर लाव. सगळं क्लॅम्पने धरून नुसते टॅक मार, मडगार्ड तात्पुरतं बसव, दार लावून बघ, मग पुढचे टॅक. एका जागी सलग वेल्ड ओढू नकोस, पत्रा तापून लाटा येतात. एक बाजू संपेपर्यंत दुसरीला हात नाही.

स्विंडनकर
ठोकपीट, छापून गॅरेजच्या भिंतीवर लावतोय.

वाचनमात्र_वामन
गाडी नाही, परवानाही नाही. तरी पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). वाचनखूण साठवली आहे.

शिवणटिपण
नाशिकला आमचं कुशनचं दुकान आहे, सासऱ्यांपासून. चामडं की रेक्झिन हा प्रश्न राहूनच गेला, म्हणून लिहिते.

७१ च्या या गाडीला कंपनीनेच व्हिनाइल, म्हणजे आपलं रेक्झिनच, दिलेलं होतं. चामडं त्याच्या आधीच्या गाड्यांना होतं. म्हणजे आग्रहींच्या हिशेबाने रेक्झिनच अस्सल ठरतं! शिवाय उघडी गाडी, पाऊस कधीही. चामड्याची निगा होणार असेल तरच चामडं.

पण कापड हा शेवटचा प्रश्न. सीट बसते खालच्या पडद्यावर. तो रबराचा पडदा कडेने हूक लावून सांगाड्याला ताणलेला असतो. पन्नास वर्षांत रबर चिरतं, हूक सुटतो आणि वहिनींना टोचतो. नवीन कव्हर जुन्या पडद्यावर चढवलं तर आठवड्यात मध्ये खड्डा. आधी सांगाडा घासून रंगवा, मग नवीन पडदा, मग फोम. फोमवर डेक्रॉनचा (पॉलिएस्टरच्या कापसाचा) पातळ थर किंवा निदान सुती जाळी, म्हणजे रेक्झिन फोमला घासत नाही आणि सरकवायला सोपं जातं.

जुनं कव्हर फेकू नका. शिवण ब्लेडने उसवा, प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूने नंबर आणि बाण टाका, इस्त्रीने नाही तर उन्हात वजन ठेवून सपाट करा. तोच फर्मा. तयार कव्हरं विकत घेतलीत तरी जुनी ठेवा, कारण तयार कव्हराची मधली पट्टी सरळ बसली की नाही ते जुन्याशी ताडूनच कळतं. कव्हर चढवण्याआधी गरम हवेने किंवा उन्हात मऊ करा. थंड रेक्झिन ओढलं तर ते पायपिंगच्या शिवणीत फाटतं. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा ओलाव्याने कुजतो. आणि चढवताना मधून कडेला जा, एका बाजूने सुरू करून दुसरीकडे संपवायचं नाही, नाहीतर रेघा तिरक्या.

दाराच्या पुठ्ठ्याला पोक आला तो नुसता बदलून उपयोग नाही. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत उतरतं, तसंच ठरवलेलं असतं, आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. भोकं मातीने बुजली किंवा पुठ्ठ्यामागचा प्लॅस्टिकचा कागद फाटला की पाणी पुठ्ठ्याला लागतं. आधी भोकं मोकळी करा, जाड प्लॅस्टिक चिकटवा, मग नवीन पुठ्ठा.

स्विंडनकरीण
ताई, तुम्ही नाशिकऐवजी इथे का नाही राहत?

भोचक_भवानी
शिवणटिपण, खडूच्या बाणासाठी वेगळं +१. आमच्या सोफ्याच्या कव्हरांची अशीच फसगत झाली होती.

अस्सलआग्रही
रेक्झिनचा मुद्दा मान्य. चाकं रोस्टाइलच (दाबीव पत्र्याची) ठेवा, तारेची नकोत, हेही जाता जाता.

जुना_पाना
तारेची चाकंही कंपनीच द्यायची, जास्तीचे पैसे घेऊन. आता नको सुरू करू.

रत्नांग्री_हापूस
गंजाचं आम्हाला विचारा. समुद्राकाठी पत्रा तीन पावसाळ्यांत चाळणी होतो. आमच्याकडे मृगाच्या आधी खालून जळकं ऑइल मारतात. स्वस्त आणि मस्त.

ठोकपीट
जळक्या ऑइलने रबरी बुश फुगतात आणि ते रस्त्यावर गळतं, इकडे तर दंड बसेल. त्यापेक्षा पोकळीत मारायचं मेण मिळतं. लांब नळीच्या तोंडाला फवारा असतो, ती सिलच्या आत टोकापर्यंत सरकवायची आणि मारत मारत मागे ओढायची. पण रंगकाम पूर्ण झाल्यानंतर. आधी मारलं आणि नंतर वेल्ड केलं तर मेण पेटतं. आणि मेणाने पाणी जायची भोकं बुजवू नका.

रत्नांग्री_हापूस
बुश फुगतात हे खरं. पण मामाची जीप अजून धावतेय, हेही खरं.

मडगांवकार
गंजच नको असेल तर आमची सान स्टॉर्म घ्या. गोव्यात बनलेली दोन सीटची उघडी गाडी, बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनोचं, १.२ लिटरचं. रस्त्यात क्वचित दिसते, पण दिसली की लोक विचारतात, फेरारी काय?

फायबरची दुखणी निराळी. वरच्या थराला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात, विशेषतः बिजागरी आणि बोल्टच्या आसपास. त्यावर नुसता रंग मारला तर महिन्यात चीर परत डोकावते. चीर व्ही आकारात खोदून, मागून चटई आणि रेझिन लावूनच पुढे जायचं. आणि फायबर सडत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, त्यात अडकवलेले लोखंडी बोल्ट खाऱ्या हवेत सडतातच.

फियाटप्रेमी
सान स्टॉर्म! विसरलोच होतो. धन्यवाद मडगांवकार, आजचा दिवस कारणी लागला.

अवांतर: आपल्याकडे ५० वर्षांवरच्या गाड्यांना आता नंबरप्लेटमध्ये 'व्हीए' अक्षरं मिळतात. २०२१ चे नियम. नव्या नोंदणीला २० हजार, दहा वर्षांसाठी. पण रोज ऑफिसला न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तिकडे काय?

स्विंडनकर
इकडे ४० वर्षं झाली की रस्ता कर माफ. वार्षिक तपासणीतूनही सूट, गाडीत मोठे बदल केले नसतील तर. रोज चालवली तरी कोणी अडवत नाही. तपासणी मी तरीही करून घेणार आहे. सिल प्रकरणानंतर माझा "माफ" या शब्दावरचा विश्वास उडालाय.

आणि हो, रंग. मूळचा रंग टील ब्लू निघाला, डिकीच्या झाकणाच्या आत शाबूत आहे. वरचा लाल नंतरचा. परत टील ब्लू करणार. गॅरेजात कॉम्प्रेसर आहे, स्वतःच मारावा म्हणतोय.

डॉ_फुफ्फुस
थांबा. आयुष्यात एकदाच या धाग्यावर लिहिणार आहे. हल्लीच्या टू-के (दोन घटक मिसळून मारायच्या) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा होतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की नंतर किंचितसा वास आला तरी झटका येऊ शकतो. दुकानातला साधा काडतुसाचा मास्क यासाठी पुरेसा धरू नका. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा लागतो. शिवाय घराला जोडलेल्या गॅरेजात मारलात तर घरातलेही ते श्वासात घेतात. घासकाम स्वतः करा, प्रायमरनंतरचं हत्ती-कागदाचं काम स्वतः करा, टू-के रंगवाल्याकडे द्या.

ठोकपीट
डॉक्टरांना साष्टांग. आणि जुने सांधे घासताना एक: मऊ राखाडी धातू लागला तर ते शिसं आहे, ग्राइंडर लावू नकोस, धूळ विषारी असते.

फियाटप्रेमी
डॉक्टर, "हत्ती-कागद" कुठला?

डॉ_फुफ्फुस
वडिलांचं गॅरेज होतं, आम्ही पॉलिश पेपरला तसंच म्हणायचो. डब्यावर हत्तीचं चित्र होतं. आता खरंच लिहीत नाही.

स्विंडनकर
मंडळी, मधल्या काळातली प्रगती.

डावा सिल पूर्ण झाला. वेल्डिंग गावातल्या एका निवृत्त माणसाने केलं, टेकू, कापाकापी आणि घासकाम मी. फोम काढल्यावर आतला पडदा शिल्लकच नव्हता. हात घातला तर तपकिरी पापुद्रे, बिस्किटांच्या चुऱ्यात हात घातल्यासारखे. दार आता एका बोटाने लागतं. जॅकवर असतानाही लागतं. हा "टक्" आवाज ऐकायला सौ. ला दोनदा बोलावलं.

उजव्या सिलला हात लावलेला नाही. रंगवाल्याची तारीख मिळाली आहे. सीटांचे सांगाडे घासून काळे केले, पडदे आणि फोम मागवले, काळं व्हिनाइल ठरलं. टप सगळ्यात शेवटी.

स्विंडनकरीण
टप शेवटी का हे मला कोणीतरी समजावा, उन्हाळा चालला.

जुना_पाना
वहिनी, रंगाच्या आधी टप बसवला तर त्याच्या पट्ट्या, खुंट्या परत काढाव्या लागतात. आणि टप थंडीत बसवायचा नसतोच. कापड आखडलेलं असतं, ओढून बसवलं तर पुढची पट्टी काचेच्या चौकटीपर्यंत पोचत नाही. ऊन असलेला दिवस निवडा, कापड उन्हात पसरून ठेवा, मागून पुढे ताणत या, आणि बसल्यावर काही दिवस उभाच ठेवा. मडगांवकार, उद्यमनगरी, तुमच्यासाठी: ७१ च्या या गाडीचा घडीचा टप मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने आखलेला आहे. हेराल्डही त्याचीच.

उद्यमनगरी
हे माहीत नव्हतं! मिस्त्रींना सांगतो. ते म्हणतील, "मग त्याला म्हणावं दाराचा तळ असा का ठेवला, पाणी साचतं."

अस्सलआग्रही
टील ब्लू केल्याबद्दल अभिनंदन. आता बॅटऱ्या सहा व्होल्टच्या दोनच ठेवा, एक बारा व्होल्टची टाकू नका.

स्विंडनकर
आग्रही, बारा व्होल्टची कालच टाकली. पाळणा एकच शाबूत होता.

अस्सलआग्रही
मी या धाग्यावरून बाहेर पडत आहे.

भोचक_भवानी
हे तुमचं तिसऱ्यांदा.

नवखा_नितीन
सगळा धागा वाचला नाही, पण एक विचारतो. अ‍ॅव्हरेज किती देते? आणि डिझेलमध्ये आहे का?

स्विंडनकर
डिझेल नाही. लिटरला आठ-नऊ किलोमीटर, पाय हलका ठेवला तर. मागे बसायला जागाही नाही, हा पुढचा प्रश्न असेल तर.

नवखा_नितीन
मग परवडत नाही राव. सामान कुठे ठेवायचं?